सर्वांत मागे चालणारी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सोबत’ हा विषय दिला, तेव्हा मला आधी आठवली ती डोंगरात एकामागे एक चालणारी माणसांची रांग. गेली तीस वर्षं मी अधूनमधून सह्याद्रीत चालते आहे आणि एक आठवण मला कायम छळत आली आहे. कॉलेजात असताना एका गटाबरोबर गेले होते. उतरताना आमच्यातली एक मैत्रीण मागे राहिली. हे लक्षात आलं पायथ्याच्या गावात, चहाचा एक ग्लास उरला तेव्हा. ती सापडली त्या वेळी काळोख पडला होता. वाट चुकल्यावर ती एका दगडावर बसून राहिली होती. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ती पुन्हा कधी डोंगरात आली नाही.

म्हणून मला बघायचं होतं की गटानं चालणं प्रत्यक्षात कसं घडतं, कोण कुणाकडे लक्ष ठेवतं. नवी मुंबईतल्या एका गटाचा कर्नाळ्याचा एका दिवसाचा ट्रेक ठरत होता. त्यांना मी एवढंच विचारलं, ‘दिवसभर मला सगळ्यांच्या मागे चालू द्याल का?’

पनवेल स्टँडवरचा आकडा

विसर्जनानंतरचा पहिला रविवार. पहाटेच्या हार्बर आणि ट्रान्स-हार्बर लाइनच्या गाड्यांतून सॅका पाठीला लावलेली माणसं दोन-तीन करत पनवेलला उतरत होती. घणसोली, सानपाडा, नेरूळ, खारघर, कामोठे. त्यांतल्या निम्म्यांनी एकमेकांना पूर्वी पाहिलेलं नव्हतं. या शहरात हे नेहमीचंच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती हे शहर उभं राहिलं. बाहेरून आलेल्यांचं गाव साताऱ्यात, चिपळूणला, जळगावला किंवा आणखी लांब. शेजारी कोण राहतं हे माहीत नसतं, पण सोसायटीच्या खिडकीतून पारसिकची नाहीतर खारघरची डोंगररांग रोज दिसते. डोंगर इतका जवळ असल्यानं असेल, पण इथं ट्रेकचे गट फार. बेलापूरच्या डोंगराच्या कातळावर प्रस्तरारोहणाचा सराव किती वर्षं चालत आलेला आहे. मुंबईतली १९५४ पासूनची ‘गिरिविहार’ ही संस्था त्यात पुढे, आणि २०१६ साली तिनं प्रस्तरारोहणाची जागतिक करंडक स्पर्धाच नवी मुंबईत भरवली होती.

एसटी स्टँडवर पेणच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे असताना ती आली. वय तिशीच्या आतबाहेर, पायात अ‍ॅक्शनचे बूट, गळ्यात शिट्टी. महापेच्या एका कंपनीत नोकरी, घर घणसोलीला. ही आमची बॅक लीड. फ्रंट लीड, मिड लीड, बॅक लीड ही आता सह्याद्रीतल्या बहुतेक गटांची रूढ भाषा आहे. पुढचा वाट दाखवतो, मधला रांग तुटू देत नाही, आणि बॅक लीडच्या मागे कुणीही राहायचं नाही.

“ताई, तुम्ही माझ्या पुढे,” ती मला म्हणाली. “लेख तुमचा असला तरी मागे मीच.”

तिनं प्रत्येकाला विचारलं: दमा? साखर? रक्तदाब? गुडघ्याचं काही? कुठलं औषध बरोबर आहे आणि सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे? उत्तरं ती एका छोट्या वहीत लिहीत होती. कुणी अत्तर किंवा डिओ मारला आहे का, हेही विचारून झालं. एका मुलानं हात वर केला. त्याला तिनं तिथल्या नळावर मान आणि मनगटं साबणानं धुवायला लावली. कारण मला वर गेल्यावर कळलं. शेवटी तिनं माणसं मोजली. चोवीस. वहीत तो आकडा लिहून त्याभोवती गोल केला.

खर्चाचा हिशेब साधा असतो. एसटीचं भाडं, अभयारण्याचं तिकीट, नाश्ता, सगळं कॉन्ट्री. नफ्यासाठी ट्रेक नेणारे वेगळे. त्यांची संख्या भरमसाट वाढली, अपघात होऊ लागले, तेव्हा सरकारनं २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी नियम काढले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणूस, प्रथमोपचार, असं बरंच त्यात आहे. ते हवंच होतं. पण स्टँडवर उभं राहून गुडघ्याची चौकशी करणारं कुणी नसेल, तर नियमांचा कागद तेवढ्यापुरताच उरतो, असं मला वाटतं.

फाटकावरची मोजणी

पनवेलपासून कर्नाळा बारा किलोमीटर. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. गाडी शिरढोणवरून पुढे गेली की डाव्या हाताला झाडीतून वर आलेला किल्ल्याचा आंगठ्यासारखा सुळका दिसायला लागतो. गोव्याकडे जाणाऱ्या कितीएक पिढ्यांनी हा सुळका गाडीच्या खिडकीतून बघितला आहे आणि त्यांतले बहुतेकजण तिथं कधीच उतरलेले नाहीत.

कर्नाळा हे राष्ट्रीय उद्यान नाही. ते पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं. १९६८ साली जाहीर झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. २००३ मध्ये वाढवून ते बारा चौरस किलोमीटरच्या थोडं वर नेलं. एवढ्याशा जंगलाच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. रस्ता रुंद करायला निघाले तेव्हा पनवेल ते इंदापूर हा टप्पा वर्षानुवर्षं रखडला, त्याच्या कारणांत या अभयारण्यातली परवानगी हेही एक होतं. रखडलेल्या रस्त्यानं कोकणातल्या माणसाचे किती हाल झाले हे मी विसरत नाही. पण शहर, बंदर आणि महामार्ग यांच्या कचाट्यात हा हिरवा तुकडा आजवर टिकला, याचं मोल मला त्याहून कमी वाटत नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना या अभयारण्याच्या घडणीत त्यांचा हात होता. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा आमच्या गाडीतल्या एका निवृत्त मास्तरांनी त्यांचा ‘पक्षीकोश’ पुन्हा काढून वाचला होता. आज मास्तर दुर्बीण घेऊन आले होते.

फाटकाशी तिकिटाच्या खिडकीजवळ टेबल मांडलेलं असतं. तिथं सॅक उघडायची. आत प्लास्टिकचं जे जे आहे ते मोजलं जातं, कागदावर लिहिलं जातं आणि त्यापोटी अनामत ठेवून घेतात. उतरल्यावर तितक्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत.

मी त्या टेबलाशी बराच वेळ उभी राहिले. मोजणाऱ्या बाईंचे हात सराईत होते. पाण्याच्या बाटल्या एका बाजूला, बिस्किटांचे पुडे दुसऱ्या, वेफर्स तिसऱ्या. एका मुलीच्या सॅकमधून चॉकलेटच्या मूठभर गोळ्या निघाल्या. बाईंनी एकेक गोळी बोटानं सरकवत मोजली. “अकरा,” त्या म्हणाल्या. “अकरा कागद परत पाहिजेत, बाळा.” मुलीनं मान डोलावली आणि गोळ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात चेन लावून ठेवल्या. आपल्या हातातल्या प्रत्येक कागदाची कुणीतरी नोंद ठेवली आहे, ही भावना तिला बहुधा पहिल्यांदा झाली असावी. आमच्या गटाची एकूण बेरीज साठच्या वर गेली. बॅक लीडनं ती आपल्या वहीत लिहून घेतली, चोवीसच्या खाली.

मागून दिसणारं जंगल

पुढे चालणाऱ्याला वाट दिसते. मागे चालणाऱ्याला माणसं दिसतात. हे मला माहीत होतं असं वाटायचं, पण दिवसभर मागे राहिल्यावरच ते खरं कळलं. कोण दर दहा पावलांनी कंबरेवर हात ठेवतं, कुणाच्या बुटाचा सोल निघायला आला आहे, कोण हसत-बोलत असताना एकाएकी गप्प झालं.

“बोलणारा माणूस गप्प झाला की मी बघते,” ती म्हणाली. “आधीपासून गप्प असलेल्याची काळजी नसते.”

सुरुवातीची वाट दाट झाडीतली आहे. ऐन, साग, कुंभा, आंबा, खाली ओलसर पालापाचोळा. पावसाळा सरत आलेला, तरी ओढे वाहते. झाडाझाडांच्या मध्ये तळहाताएवढ्या कोळ्यांची पिवळसर जाळी ताणलेली होती. फ्रंट लीड वाटेवरच्या जाळ्यांखालून वाकून जात होता आणि त्याच्यामागची माणसंही तशीच वाकत होती. शेवटी आम्ही दोघी पोहोचलो तेव्हा एकही जाळं फाटलेलं नव्हतं. चोवीस माणसं गेलेल्या वाटेचा तो पुरावा होता.

ओढ्याजवळ शीळ आली. कुणी वाटसरू आपल्याच नादात, सूर मध्येच सोडून देत शीळ घालतो आहे, अगदी तशी. मास्तरांनी हात वर केला. सगळी रांग थबकली. शीळकरी कस्तूर. तो दिसला नाही. पण दोन मिनिटं कुणी बोललं नाही, आणि त्या शांततेत दुसरे आवाज वर आले: भृंगराजाच्या नकला, पाण्याची खळखळ, आणि मागे लांबवर महामार्गावरच्या ट्रकचे हॉर्न. तिबोटी खंड्या हा रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी. पावसाळ्यात तो इथं ओढ्याकाठच्या मातीत बिळं करून पिल्लं वाढवतो, म्हणून त्या दिवसांत कॅमेरेवाल्यांची झुंबड असते. आता त्याचा विणीचा काळ सरलेला. मास्तरांनी त्याचा आकार तळहातावर दाखवला. चिमणीपेक्षाही लहान.

मोठ्या गटाला पक्षी कमी दिसतात, यात वाद नाही. चोवीस जणांची चाहूल पुष्कळ आधी पोहोचते. पण ज्या गटाला एका हाताच्या खुणेवर थांबता येतं, त्याच्यासाठी जंगल थोड्या वेळानं पुन्हा बोलायला लागतं.

आता एक गोष्ट मी जरा विस्तारानं सांगते, कारण इतकी वर्षं चालूनही ती माझ्या ध्यानात आली नव्हती. रांग चढाला लागली की ताणली जाते. पुढचा पाच मिनिटं विश्रांतीला थांबतो. त्याच्यामागचे पोहोचतात, बसतात, पाणी पितात. शेवटचा माणूस धापा टाकत येतो तेव्हा ती पाच मिनिटं संपलेली असतात, आणि पुढचा म्हणतो, “चला, आले सगळे.” म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच विश्रांती मिळत नाही. दर थांब्याला तो आणखी मागे पडतो, आणि शेवटी सगळे म्हणतात, याला झेपत नाही. वास्तविक त्याला कुणी बसूच दिलेलं नसतं.

या गटाचा नियम असा की विश्रांतीचं घड्याळ सुरू होतं ते बॅक लीड टेकल्यावर. तोवर पुढच्यांनी कितीही वेळ बसलेलं असो. आणि वाट जिथं फुटते तिथं पुढच्यानं थांबायचंच, मागची व्यक्ती नजरेला पडेपर्यंत. हा नियम आमच्या त्या जुन्या गटात असता, तर माझ्या मैत्रिणीला तो दगड बघावा लागला नसता.

सोंडेवर

झाडी संपत आली की कर्नाळ्याचा चढ अंगावर येतो. मुरमाड वाट, पावसानं सुटे झालेले दगड, झाडांच्या उघड्या मुळ्यांचाच आधार. सानपाड्याच्या एक काकू साठीला आलेल्या. त्या सकाळपासून भोंडल्याबद्दल, सुनेच्या नोकरीबद्दल बोलत होत्या. सोंडेच्या निम्म्यावर त्यांचं बोलणं थांबलं. बॅक लीडनं माझ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळानं काकू खाली बसल्या. उजवा गुडघा सुजलेला. “तुम्ही जा गं सगळे,” त्या म्हणाल्या. “मी इथं सावलीत बसते. येताना मला घ्या.”

“काकू, एकटं कुणी बसत नाही आपल्यात.”

“माझ्यामुळं कशाला कुणाचा किल्ला बुडवता?”

ती काकूंच्या पायाशी उकिडवी बसली, गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि मगच बोलली. वर जायला अजून तासभर, तेवढंच उतरायला, आणि उतार गुडघ्याला चढापेक्षा वाईट. आत्ता वळलं तर काकू स्वतःच्या पायांनी खाली जातील. नंतर धरून न्यावं लागेल. तिनं शिट्टी दिली, मिड लीड खाली आला. बॅक लीडनं जागा सोडायची नाही, म्हणून काकूंबरोबर तो उतरणार. त्याची जागा वर कोण घेणार हेही दोन वाक्यांत ठरलं. काकूंचे डोळे भरून आले होते. कुणी त्यांना ‘काही हरकत नाही’ असं म्हटलं नाही. मास्तरांनी आपली दुर्बीण काढून त्यांच्या गळ्यात घातली, आणि ती दोघं हळूहळू झाडीत दिसेनाशी झाली.

मागे फिरण्याला आपण अजून हार समजतो. शिखरावरच्या फोटोत नसणं लोकांना लागतं. हे लागणं खोटं नाही, म्हणूनच तो निर्णय दमलेल्या माणसावर ढकलायचा नसतो. तो गटानं घ्यायचा असतो.

आंगठ्याच्या पायथ्याशी

कर्णाई देवीला नमस्कार करून पायऱ्या आणि दरवाजे ओलांडले की आपण सुळक्याच्या तळाशी येतो. किल्ला जेमतेम साडेचारशे मीटर उंचीचा, माथाही लहानसा. पडका वाडा, कातळात खोदलेली टाकी, आणि मधोमध सव्वाशे फुटांचा तो उभा आंगठा. बंदरांकडून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला याच्याइतकी नेमकी जागा नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी परत घेतला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला.

सुळक्याच्या कातळाला आग्या माश्यांची पोळी लटकलेली होती. काळसर, अर्धगोल, वाऱ्यानं हलल्यासारखी दिसणारी. नीट पाहिलं तर हलत होत्या त्या माश्या. पोळ्याच्या पृष्ठभागावरून त्यांची एक लाट सरकत जात होती. डिओ, धूर, आरडाओरडा, यांतलं काहीही त्यांना बिथरवू शकतं. बिथरलेलं आग्या मोहोळ माणसाला अरुंद वाटेवर गाठतं, तेव्हा डंखांपेक्षाही धावपळीत कड्यावरून पडण्याची भीती मोठी. पनवेलच्या नळावर मान धुतलेला मुलगा आता त्या पोळ्यांकडे बघत गप्प उभा होता. आम्ही सगळे कुजबुजत बोललो, डबे उघडले, पुऱ्या-बटाट्याची भाजी, चटणी-पोळी, गूळ-शेंगदाणे फिरले.

माथ्यावरून पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्याजवळ इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या इर्शाळगडाच्या अंगावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. मदतीला जाणाऱ्या प्रत्येकाला भर पावसात, अंधारात तो डोंगर पायी चढावा लागला. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी चढतानाच कोसळले आणि गेले. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. खोपोली-पनवेल भागातले हायकर्स त्या वेळी धावले होते, कारण त्या वाटा त्यांच्या पायांखालच्या होत्या. आमच्यातलं कुणी तो डोंगर दिसल्यावर फोटोसाठी उठलं नाही.

वायव्येला हवा स्वच्छ होती. खाडी, उलव्याच्या इमारती आणि मधेच एक मोठा सपाट पट्टा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ. आमच्यात एक तरुण होता, त्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांपैकी एका गावचा. त्यानं बोटानं दाखवलं, “तिथं टेकडी होती. उलव्याची. नव्वद-एक मीटर असेल. तिच्यावर आम्ही गुरं न्यायचो.” सुरुंग लावून ती कापली, तिच्या दगडमातीनं पाणथळ जमीन भरली, उलवे नदीचं पात्रही वळवलं. “माझा पहिला ट्रेक तो,” तो म्हणाला. एक विमान खाली आलं, त्या सपाटीवर टेकलं. तो ते थांबेपर्यंत बघत राहिला. मग त्यानं डबा बंद केला.

बॅक लीडनं मोजलं. बावीस. खाली दोन. चोवीस.

उतार

ओल्या मुरमावर पाय घसरतात, म्हणून उतरताना रांग दाट ठेवली होती. एकाच्या हाताला दुसरा हात, “डावा पाय त्या मुळावर… आता उजवा… बस.” हे सांगणं रांगेतून खाली जात होतं. पहिल्यानं उच्चारलेली सूचना शेवटच्यापर्यंत तशीच पोहोचत होती. सकाळी अनोळखी असलेली माणसं आता एकमेकांच्या पायांची नावं घेत होती.

फाटकाशी काकू बाकावर बसल्या होत्या, पाय समोरच्या दगडावर टेकलेला. महामार्गाच्या कडेला गावातल्या बायका तवसं चिरून मीठ-तिखट लावून देतात; मिड लीडनं दोन तवसी आधीच आणून ठेवली होती. काकूंनी मास्तरांची दुर्बीण परत केली आणि काय काय दिसलं ते सांगायला सुरुवात केली. एक हिरवा, एक लांब शेपटीचा. मास्तर खाली बसून एकेक प्रश्न विचारत नाव लावायला लागले.

टेबलावर पुन्हा बाटल्या मांडल्या गेल्या. बाईंनी कागद समोर ठेवून मोजलं. गोळ्यांचे कागद दहाच निघाले. त्या मुलीनं सॅक पालथी केली, खिसे उलटे केले. अकरावा कागद तिच्या मोज्यात निघाला. टाक्यापाशी बूट काढले तेव्हा तिनं तो तिथं खोचून ठेवला होता. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली आणि अनामत परत दिली.

पनवेलला आम्ही पांगलो तेव्हा दिवेलागण झाली होती. निघताना बॅक लीडनं एवढंच बजावलं, “घरी पोहोचलात की ग्रुपवर टाका.” रात्री आठपासून मेसेज येऊ लागले. पोहोचले. पोहोचलो. काकूंनी शेकायच्या पिशवीचा फोटो पाठवला. साडेनऊपर्यंत तेवीस झाले. डिओ मारून आलेल्या मुलाचा आला नव्हता. तिनं त्याला फोन लावला, बंद. मग वहीतून त्याच्या आईचा नंबर काढून तिला फोन केला. तो आंघोळ करून जेवता जेवता झोपला होता. मोबाइल चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी तिनं ग्रुपवर आकडा टाकला. २४.